नवव्या रिळातला दोर

“आन् हे नऊ डबे बी घेऊन जा,” रतनशेठ बांगडीवाल्याला म्हणाले. “इंग्लिश पिच्चर हाये. आपल्या इकडं कोणाच्या कामाचं नाई.”

त्या नऊ डब्यांपैकी चारांवर मी बसलेलो होतो. ऑफिसात खुर्च्या दोनच. एकीवर शेठ, दुसरीवर बांगडीवाला. मॅनेजरच्या वाट्याला पिक्चरचे डबे. मी काही उठलो नाही.

“शेठ, हा पिक्चर आपण अजून लावलाच नाही,” मी म्हणालो.

“लावून काय करता? पाहाले कोण येते?”

“निदान मी तरी पाहतो.”

बांगडीवाला हसला. त्याला वाशीमची एसटी धरायची होती.

बांगडीवाल्याचा आणि पिक्चरचा संबंध काय, ते आधी सांगतो. पिक्चरची पट्टी म्हणजे प्रिंट. ती मशीनमधून शेकडो वेळा गेली की झिजते. कडेची भोकं फाटतात, चित्रावर रेघा पडतात. मग ती भंगारात जाते. भंगारवाले पट्टी धुऊन काढतात, चित्र पुसून टाकतात आणि उरलेलं चकचकीत प्लास्टिक कापून बांगड्यांवर चिकटवतात. त्या काळात बायकांच्या हातात किती हिरो-हिरॉईन किणकिणत होते, त्याची त्यांना कल्पना नसेल. आम्ही त्या भंगारवाल्याला बांगडीवालाच म्हणायचो.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर साल असेल. कारंजातल्या एका टॉकीजचा मी मॅनेजर होतो. पत्र्याचं छत, पुढं बाकं, मागं खुर्च्या, वर नावापुरती बाल्कनी. मालक रतनशेठ. घरचा धंदा कापडाचा. पिक्चरसुद्धा ते कापडासारखा लांबीवर जोखायचे. हिंदी पिक्चर सोळा-सतरा रिळांचा असतो, हा नऊच रिळांचा. “मापात कमी हाये,” हे त्यांचं त्या पिक्चरबद्दलचं पहिलं मत.

तो आमच्याकडे आला तोही फुकटात. शेठनी अमरावतीच्या एका वितरकाकडून तीन जुने हिंदी पिक्चर घेतले, त्यांच्याबरोबर त्यानं हा गळ्यात मारला. युरोपातल्या कुठल्याशा डोंगराळ मुलखातला. काळा-पांढरा. नाव असं, की उच्चारताना जीभ दातात अडकायची. दिल्लीला कुठल्याशा महोत्सवात दाखवला होता म्हणे. मुंबईत सकाळच्या खेळाला लागला आणि आपटला. मी उगाच चौकशी म्हणून मुंबईच्या मूळ वितरकाला कार्ड टाकलं. उत्तर आलं: इंग्रजी अक्षरांची ही एकच प्रिंट देशात आहे, दुसरी नाही, आणि आम्हाला ती परतही नको.

ही ‘इंग्रजी अक्षरं’ म्हणजे सबटायटल. माणसं त्यांच्या भाषेत बोलतात आणि पडद्याच्या खालच्या बाजूला त्याचं इंग्रजी छापून येतं. कारंजातल्या बाकांवर बसणाऱ्याला त्याचा उपयोग काय, हा शेठचा प्रश्न चुकीचा नव्हता.

“चार दिवस द्या,” मी म्हणालो. “मॅटिनीला. नाही चालला तर मी स्वतः हे डबे बांगडीवाल्याच्या हातगाडीवर चढवतो.”

शेठनी बांगडीवाल्याकडे पाहिलं. तो वाशीम-रिसोड करून बाजाराच्या दिवशी परत यायचा होता. बरोबर चौथा दिवस.

“चार मॅटिनी,” शेठ म्हणाले. “बाजाराच्या दिवशी हा माणूस येईन तवा इथं एक तं पब्लिक दिसलं पायजे, नाई तं डबे. समजलं काय?”

समजलं. त्या नऊ डब्यांचा जीव चार दुपारांवर आला होता.

एवढी खटपट मी कशासाठी केली? सरळ सांगतो. आदल्या आठवड्यात मी आणि आमचे ऑपरेटर रहीमभाई, दोघांनी त्या पिक्चरची ट्रायल पाहिली होती. नवी प्रिंट आली की रिकाम्या टॉकीजमध्ये एकदा चालवून बघायची, कुठं फाटली-तुटली असेल तर जोडायची, त्याला ट्रायल म्हणतात. रहीमभाई मशीनवर, मी खाली एकटा. आणि मी त्यात अडकलो.

गोष्ट अगदी साधी. डोंगरातलं गाव, बर्फ. एक विधवा म्हातारी आणि तिचा एक घोडा. घोड्यावरच तिची शेती, घोड्यावरच लाकूडफाटा. मुलगा शहरात. तो येतो, म्हणतो, घोडा विक आणि माझ्याकडे चल. म्हातारी तीन दिवस चालत घोड्याला यात्रेच्या बाजारात नेते आणि विकते. आठवं रीळ इथं संपतं.

नवव्या रिळात घोडा विकून झाल्यावर म्हातारी दहा पावलं जाते, थांबते, परत वळते आणि घोडा घेणाऱ्याशी भांडायला लागते. घोड्याच्या गळ्यातल्या दोरावरून! घोडेवाला दोर सोडत नाही, म्हातारी ओढते. तो चिडतो, बोलतो, ती बोलते. खालची अक्षरं नेमकी तिथं घासून गेलेली. शेवटची एकच ओळ वाचता येत होती: “हे माझं आहे.” म्हातारी दोर सोडवून घेते. पुढं रीळ संपेपर्यंत कोणी एक शब्द बोलत नाही. ती दोर हातात घेऊन तीन दिवसांची वाट उलटी चालते. घरी येते, रिकाम्या तबेल्यात जाते, दोर खुंटीला अडकवते. बादलीत पाणी भरते. मग तिच्या लक्षात येतं, की पाणी कोणासाठी भरलं. संपला पिक्चर.

माझ्या डोळ्यात पाणी आलं, हे मी तेव्हा रहीमभाईंना सांगितलं नाही. पण तो दोर माझ्या डोक्यातून जाईना. ज्या बाईनं अख्खा घोडा देऊन टाकला, ती हातभर दोरासाठी का भांडते?

“रहीमभाई, दोर का क्या मामला है?” मी विचारलं.

“साब, मेरे को घोडे का क्या मालूम? मैं तो सायकल चलाता.”

मी अमरावतीच्या गल्लीत वाढलेलो, कोर्टातल्या कारकुनाचा मुलगा. बी. ए. इंग्लिश. जनावर म्हणजे सकाळी दारात दूध घालणाऱ्याकडं असतं ते. मी विचार करकरून एक अर्थ काढला. म्हातारी गरीब, म्हणून चिकट. घोड्याचे पैसे मिळाले, आता दोराचे वेगळे मागते. मला हा अर्थ आवडला नव्हता, पण दुसरा सुचत नव्हता.

असो. पहिला दिवस.

शेठनी पेंटरकडून बोर्ड लिहून घेतला, ‘इंग्लिश पिक्चर’, लाल अक्षरात. त्या काळी इंग्लिश पिक्चर म्हटलं की पब्लिकच्या दोनच अपेक्षा. एक मारामारी. दुसरी मी लिहीत नाही, तुम्हाला समजली असेल. कॉलेजची पोरं लोटली. पडद्यावर बर्फ आला आणि मागून ओरडा झाला, “अबे, केवढा कापूस फुटला पाय!” मग म्हातारी आली. पोरं हिरॉईनची वाट पाहत बसली. दुसऱ्या रिळात एक जण उभा राहिला आणि म्हणाला, “हे तं माही आजी हाय बे!” सगळी टॉकीज हसली. इंटरव्हलनंतर बाकांवर शेंगांची फोलपटं राहिली.

दुसऱ्या दिवशी मोजून अकरा माणसं. त्यातली दोन पंख्याखाली झोपायला आलेली, कारण बाहेर ऊन मी म्हणत होतं. शेठ दारातून डोकावले, आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बोटांवर माणसं मोजत गेले. 

त्या दुपारी सुखदेव खंडारे ऑफिसात आला.

सुखदेव आमचा भोंगेवाला. सायकल-रिक्षाला भोंगा बांधून गावभर पिक्चरची जाहिरात करायची, हे त्याचं काम. चाळिशीचा माणूस. आवाज असा, की बाजारओळीतल्या बाया दळण टाकून दारात यायच्या. भीमजयंतीला तो गाणी म्हणायचा तेव्हा माइकची गरज नसायची. त्याची पद्धत ठरलेली. हिरो सांगायचा, हिरॉईन सांगायची, व्हिलन सांगायचा, गोष्ट अशी रंगवायची आणि ऐन मोक्याला तोडायची: “पुढं काय झालं, थे माह्या तोंडून आयकू नका. पडद्यावर पाहा!”

“साहेब, ह्या पिच्चराचं सांगू काय?” तो म्हणाला. “हिरो नाई, हिरॉईन नाई, गाणं नाई. भोंग्यात काय मी खोकलू काय?”

मी त्याला गोष्ट सांगितली. आठव्या रिळापर्यंत. नवव्याची मला स्वतःलाच खात्री नव्हती, म्हणून म्हटलं, शेवट तुम्हीच बघा कधीतरी. मॅटिनीच्या वेळी तो संध्याकाळच्या पिक्चरची जाहिरात करत फिरत असायचा, त्यामुळे त्यानं हा पिक्चर पाहिलेला नव्हता.

तो गेला. पाच मिनिटांनी मी चहासाठी बाहेर आलो तर पानठेल्यासमोर घोळका. सुखदेव मधोमध.

“घोड्याले ताप भरला. बाहीर बर्फ. म्हातारीच्या घरात गोधडी एकच. आता सांगा, थे गोधडी म्हातारी कोनाच्या आंगावर टाकन?”

“घोड्याच्या,” पानवाला म्हणाला. त्याच्या हातातलं पान तसंच, चुना लावायचा राहिलेलं.

मी तिथंच उभा राहिलो. सबटायटल वाचून मी जी गोष्ट त्याला अर्ध्या तासात सांगितली होती, ती त्याच्या तोंडून पाच मिनिटांत जिवंत झाली होती.

“सुखदेवभाऊ,” मी म्हटलं, “उद्या रिक्षा राहू द्या. तुम्ही टॉकीजमध्ये बसा. पडद्याशेजारी, माइक घेऊन. मी बाजूला बसतो, इंग्रजी वाचतो, तुमच्या कानात सांगतो. तुम्ही लोकांना सांगा.”

“चालू पिच्चरमंदी बोलू?”

“चालू पिक्चरमध्ये.”

“लोक जोडे मारतीन, साहेब.”

“मारले तर दोघांना मारतील.”

शेठना विचारलं. ते म्हणाले, “करा बाप्पा काय करता थे. दोनच दिवस तं राह्यले.” तेवढी परवानगी मला पुरेशी होती.

बोर्डही बदलला. सुखदेव म्हणाला, नाव असं पाहिजे की बाजारातल्या माणसाला कळलं पाहिजे. पेंटरनं लिहिलं: ‘म्हातारीचा घोडा. वऱ्हाडीत सांगून दाखवू.’

तिसरा दिवस. चार बाकं भरली, तीही निम्मी गंमत बघायला. पडद्याच्या डाव्या अंगाला दोन स्टुलं. रहीमभाईंना सांगून ठेवलं होतं, की सुखदेवनं हात वर केला की आवाज कमी करायचा.

बर्फ आला. सुखदेवनं हात वर केला.

“हे कापूस नाई बरं, बाप्पा. कापूस असता तं म्हातारी श्रीमंत असती. हे बर्फ हाये. पायाखाली बर्फ, आढ्यावर बर्फ, इहिरीत बर्फ. आन् ह्या बर्फात हे बाई एकटी. नवरा गेला. आता हे आन् हिचा सर्जा.”

घोड्याचं नाव त्यानं सर्जा करून टाकलं.  मूळ नाव मलाही उच्चारता येत नव्हतं.

मुलगा शहरातून आला तेव्हा सुखदेव म्हणाला, “पोराचे बुटं पाहा. गोठ्यात पाय टाकाले भिऊन राह्यला.” सगळे हसले. मी पाहिलं तर खरंच, तो मुलगा दारातच उभा होता, पाय आत टाकत नव्हता. मी तो पिक्चर तीनदा पाहिला होता आणि ते बूट मला दिसले नव्हते. मी तर खालची अक्षरं वाचत होतो ना!

आठवं रीळ, यात्रेचा बाजार. इथं टॉकीज पुढं सरकली. म्हणजे माणसं खरोखर बाकांच्या टोकावर आली. आमच्याकडे बाजारात दलाल रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करतात, कोणाला आकडा कळू देत नाहीत. तिकडे एकमेकांच्या तळव्यावर टाळ्या मारून करतात. सुखदेवनं ते अचूक हेरलं.

“यायच्याकडं रुमाल नाई. टाळी देऊन भाव होऊन राह्यला. पहिली टाळी, म्हातारी नाई म्हणते. दुसरी टाळी, नाई म्हणते...”

“दात पाहून राह्यला तो! दात!” एक म्हातारे शेतकरी ओरडले. “माहितगार हाये व्यापारी.”

तिसरी टाळी हवेत असताना लाइट गेली.

त्या वेळी लाइट जाणं काही नवीन नव्हतं. पण आमच्याकडे जनरेटर नव्हता. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. दारं उघडली, ऊन आत आलं. एरवी अशा वेळी लोक पत्र्यावर दगड टाकायचे. त्या दिवशी कोणी उठेना.

“घोडा इकला का नाई, थे सांगा,” बाकांवरून विचारणा झाली.

“मी बी नाई पाह्यला, आईची आन!” सुखदेव म्हणाला. “साहेबाले इचारा.”

मी म्हणालो, “उद्या हेच तिकीट चालेल. उद्या बघा.”

खरं तर सांगू शकलो असतो. पण एवढी वर्षं भोंग्याची संगत होती, तेवढं मलाही कळत होतं. संध्याकाळी मी चहाला गेलो तर हॉटेलात दोन पार्ट्या पडलेल्या. एक म्हणे विकते, पोटच्या पोरापुढं आई काय करणार? दुसरी म्हणे परत आणते. एक जण मला बाजूला घेऊन म्हणाला, “मॅनेजर, मले एकट्याले सांगून द्या, मी कोणाले सांगत नाई.”

चौथा दिवस, बाजाराचा. सकाळपासून बैलगाड्या, कामरगावकडच्या एसटीला माणसं लोंबकळत आलेली. बाराला तिकीट खिडकी उघडली आणि साडेबाराला बंद करावी लागली. टॉकीजमागच्या लिंबाखाली लोकांनी बैल बांधून ठेवले होते. आदल्या दिवशीचे सगळे आले होते, आणि येताना घरची, शेजारची माणसं घेऊन आले होते.

बांगडीवालाही आला, भाड्याची हातगाडी घेऊन. ती त्यानं बरोबर ऑफिसच्या दारात लावली.

“पब्लिक तं आलं, शेठ,” मी म्हणालो.

“आलं हाये,” शेठ म्हणाले. “बसते किती येळ, थे पाहू. पह्यल्या दिवशी बी आलतं.”

ते बांगडीवाल्याला घेऊन बाल्कनीत जाऊन बसले.  पहिल्या दिवशीची फोलपटं मला दिसत होती.

पिक्चर सुरू झाला. सुखदेव त्या दिवशी असा बोलला, की मी दोन-तीनदा माझं इंग्रजी सांगायचंच विसरलो आणि तरी त्याचं अडलं नाही. आठवं रीळ. तिसरी टाळी. म्हातारीनं टाळी दिली. घोडा विकला गेला.

टॉकीजमधून एक ‘अरे अरे’ निघालं. एवढ्या माणसांचं मिळून एकच.

नववं रीळ. म्हातारी दहा पावलं गेली. थांबली. वळली. दोराला हात घातला. मी सुखदेवच्या कानाशी लागलो आणि तीन दिवस पाठ केलेलं वाक्य सांगितलं: “सांगा, म्हातारी चिकट आहे. दोराचे पैसे वेगळे मागते.”

सुखदेवनं माझ्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आश्चर्य होतं. एखाद्या मोठ्या माणसानं बुटाची नाडी चुकीची बांधली की आपण बघतो, तसं.

मग तो माइकवर म्हणाला, “आता इथून पुढं माह्यं काम नाई. तुमच्या डोयानं पाहा.”

आणि त्यानं माइक खाली ठेवला.

मी हादरलो. “सुखदेवभाऊ, बोला! वर शेठ बसलेत!” मी दबक्या आवाजात म्हणालो. तो पडद्याकडे बघत होता. मी माइक उचलायला हात पुढं केला तर त्यानं माझं मनगट धरलं. आमच्या भोंगेवाल्यानं मॅनेजरचा हात धरला होता, आणि सोडत नव्हता.

आता आवाज फक्त मशीनचा. म्हातारी दोर घेऊन चालतेय, चालतेय. मी मनात डबे मोजले. नऊ. हातगाडी दारातच होती.

खुंटीला दोर अडकला. बादलीत पाणी भरलं गेलं. पडदा पांढरा झाला.

कोणी शिट्टी मारली नाही, कोणी टाळी वाजवली नाही. हिंदी पिक्चर संपायच्या आधीच लोक दाराकडे पळतात. इथं कोणी हलत नव्हतं. मला वाटलं, झालं, आपटला. पुढच्या बाकावरचे एक म्हातारबुवा पागोट्याच्या सोग्यानं नाक पुसत होते. मला वाटलं, सर्दी असेल.

आणि मग मागून आवाज आला, “वन्स मोर!”

वन्स मोर म्हणजे काय, तेही सांगतो. आमच्याकडे एखादं गाणं आवडलं की पब्लिक वन्स मोर मागायचं आणि ऑपरेटर मशीन थांबवून, रीळ उलटं गुंडाळून ते गाणं पुन्हा दाखवायचा. नाही दाखवलं तर बाकं मोडायची. पण वन्स मोर गाण्याला असतो. मुक्या रिळाला वन्स मोर मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

“वन्स मोर! शेवटचं रीळ!” आता चारी बाजूंनी.

रहीमभाईंनी मशीनच्या खिडकीतून डोकं काढून माझ्याकडे पाहिलं. मी बाल्कनीकडे पाहिलं. शेठनी हात वर केला आणि बोट गोल फिरवलं. गुंडाळ परत.

रीळ उलटं गुंडाळायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात एकही माणूस उठला नाही. दुसऱ्यांदा म्हातारीनं दोराला हात घातला तेव्हा बाकांवरून एकच आवाज आला. “सोडू नको, माय.”

पिक्चर सुटल्यावर शेठ खाली आले. मी आधीच बोलायला सुरुवात केली. “शेठ, सुखदेवनं ऐन वेळी माइक ठेवला. मी त्याला सांगत होतो, की म्हातारी दोराचे पैसे मागते...”

“काय मागते?”

“दोराचे पैसे.”

शेठ माझ्याकडे बघतच राहिले. कापडाच्या गादीवर वाढलेला माणूस. त्यानं जन्मात बैल हाकला नव्हता.

“दोर कोणी देते काय, मॅनेजर?” ते म्हणाले. “जनावर देते. दोर घरी आणते. दोर गेला तं गोठ्याची बरकत गेली. घेणारा आपला दोर आणते. लहान लेकराले बी म्हायती हाये हे.”

बांगडीवाल्यानंसुद्धा मान डोलावली. त्यालाही माहीत होतं! मग शेठ त्याला म्हणाले, “हिंदीचे झिजलेले डबे न्या. हे नऊ राहू द्या.”

“राहू द्या,” बांगडीवाला म्हणाला. “मी बी पुन्हा पाहीन म्हणतो.”

मी मागच्या दारानं बाहेर आलो. लिंबाखालचे बैल सुटत होते. सुखदेव बिडी ओढत उभा होता. मी म्हटलं, “सुखदेवभाऊ, तुम्हाला माहीत होतं तर सांगितलं का नाही लोकांना? दोन वाक्यांचं काम होतं.”

“कोणाले सांगू? त्यायलेच?” तो म्हणाला.  “साहेब, माहा बाप सालदार, सालभर दुसऱ्याच्या वावरात. मी बी सालदार होतो, इकडं याच्या आंधी. दुसऱ्याचे बैल, पण वळले मी. एका सालाले मालकानं जोडी अनसिंगच्या बाजारात इकली. पैसे मालकाच्या खिशात गेले. मालक एसटीनं आला. दोर माह्या हातात. थे दोन दोर घेऊन मी घरपर्यंत पायी आलो. माह्ये नव्हते बैल. तरी मले रस्त्यानं कोणाशी बोलाव वाटलं नाई.” त्यानं बिडी विझवली. “तुमी मले म्हणता, म्हातारी चिकट हाय, असं सांग. कसं सांगू?”

मला खूप लाज वाटली. मी त्याला तसं म्हणालोही. तो हसला आणि म्हणाला, “जाऊ द्या. तुमाले घोडा तं समजला होता ना?”

तो पिक्चर आमच्याकडे आणखी दहा दिवस मॅटिनीला चालला. मग सुखदेव आणि मी ते डबे घेऊन कामरगावला गेलो, वाशीमला गेलो, जऊळक्याला शाळेच्या पटांगणात पांढरा पडदा बांधून दाखवला. सगळीकडे सुखदेव आठव्या रिळापर्यंत बोलायचा आणि नवव्याला माइक खाली ठेवायचा. वन्स मोरमुळे नववं रीळ इतरांपेक्षा दुप्पट चाललं आणि सगळ्यांत आधी झिजलं. दोन वर्षांनी त्याची भोकं इतकी फाटली, की मशीनचे दात पट्टीला धरेनात. शेवटी ते बांगडीवाल्याला द्यायला काढलं, तर त्यानंही हातात घेऊन पाहिलं आणि परत केलं. म्हणाला, याची बांगडीही होणार नाही. ते रीळ अजून माझ्या कपाटात आहे.

नंतर शहरात फिल्म सोसायटीवाल्या मंडळींत माझी ऊठबस झाली. ते मला कौतुकानं विचारायचे, तुमच्या भागातल्या लोकांना असला विदेशी पिक्चर कसा काय कळला हो? मी खरं ते सांगायचो. त्या दुपारी सगळ्या टॉकीजमध्ये सबटायटलची गरज असलेला मी एकटाच होतो, आणि नेमकी तिथलीच अक्षरं पुसलेली होती.